लॉनखालची वाट

पोलीस ठाण्यात फार्महाऊसवाल्या साहेबांनी हवालदारांना पहिल्यांदा जे सांगितलं ते एवढंच होतं. "यानं मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तरी यानं माझ्या बंगल्यावरून ड्रोन उडवला."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांतली सगळ्यांत वाईट पहिली. ड्रोन उडवल्याची मला आजवर लाज वाटलेली नाही. विचारायला गेलो होतो, याची मात्र अजून वाटते.

मी मूळचा परभणीकडचा. नववीची सहामाही झाली आणि शाळेत परत गेलो नाही. कुणी काढलं नाही, मारलं नाही. मीच उठून बिगाऱ्यांच्या टोळीबरोबर नेरळला आलो, इमारतीच्या कामावर. तिथून एका फोटो स्टुडिओत लागलो. स्टुडिओवाले काका पोशीरचे, घरची भातशेती, दुकान नेरळात. त्यांनी आपल्या घराच्या मागच्या पडवीला दार बसवून मला राहायला दिलं, कॅमेरा हातात दिला, आणि तेवीस वर्षांचा घोडा झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून दहावीला बसवलं. गणितात पस्तीस पडले. काकांनी पेढे वाटले. मी आत जाऊन रडलो, कारण पस्तीसचे पुढं कुणी तपासून चौतीस केले तर, ही भीती वाटली.

दहावीशिवाय ड्रोन चालवायचं प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. खरं तर माझा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला. त्याला ते प्रमाणपत्र लागतच नाही. काकांनी दहादा सांगितलं, "अरं, लागत नाय तुला." तरी मी काढलं. त्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून पिशवीत बाळगतो. परक्या मुलखात राहणाऱ्याला न लागणारे कागदही लागतात.

विचारायची सवय तशीच लागली. पण तिचं मूळ भित्रेपणात नव्हतं, एवढं स्वतःच्या बाजूनं सांगतो. नेरळच्या भागात गावोगाव, वाड्यावाड्यांत, नहाणीला तीन बाजूंनी कुड असतो, ताडपत्री असते, एखादी जुनी साडी असते. छप्पर नसतं. खालून चालणाऱ्याला काही दिसत नाही, पण वरून उडणाऱ्याला सगळं दिसतं. त्यामुळे ड्रोन वर न्यायच्या आधी मी आसपासची चार घरं फिरून यायचो. "काकी, पाच मिनिटं उडवतोय, कोणी नहाणीत असेल तर सांगा." बायका हसायच्या. "जा रं, कोण बघतंय आमाला!" पण एखादी लगबगीनं मागच्या दारी जायची, आणि ती परत येईपर्यंत मी थांबायचो. हे विचारणं ठीक. ज्याच्यावर नजर पडणार त्याला विचारावंच. माझं चुकलं ते पुढं. चार घरं विचारता विचारता पाचव्या गेटवरही मी हात जोडून उभा राहायला लागलो.

गेट म्हणजे फार्महाऊसचं. खालापूरपासून कर्जतपर्यंत जिथं डोंगराचा उतार बरा आहे तिथं कुणीतरी गेट उभं केलेलं आहे. आधी गेट, मग घर. गेटवर कुठल्यातरी इटालियन गावाचं नाव, आत सिमेंटचं हरीण. ही माणसं शांततेसाठी येतात आणि येताना चार स्पीकर आणतात. पक्ष्यांचा आवाज किती छान येतो, असं ती एकमेकांना ओरडून सांगतात. मी त्यांचे वाढदिवस, वास्तुशांती, साखरपुडे वरून टिपलेले आहेत. एकानं मला सांगितलं होतं, "शेजारच्याचा स्विमिंग पूल थोडा फ्रेममध्ये येऊ दे, आपलाच वाटेल." प्रायव्हसी हा शब्द मी यांच्याकडूनच शिकलो. त्याचा अर्थ असा की, यांनी कुणाकडंही बघावं आणि यांच्याकडं कुणी बघू नये.

साहेब त्यांतलेच. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींच्या एका वाडीखाली तीन एकर घेऊन बंगला बांधलेले. त्यांच्या वास्तुशांतीला आम्हीच होतो. पूजा आटोपल्यावर ते मला म्हणाले, "वर जाऊन त्या बायका पाण्याचे हंडे आणताना घे. रिअल व्हिलेज लाइफ." मी वाडीत विचारायला गेलो. पहिल्याच घरच्या म्हातारीनं मला खालीवर बघितलं.

"पानी आनताना काय काढायचं?"

"साहेबांना पाहिजे, आजी."

"मंग त्यालाच सांग, हंडा घे आन् ये. त्याचा काढ."

मी काढलं नाही. साहेबांना सांगितलं, बॅटरी संपली. ही आजीशी ओळख. पुढं ती दर हंगामात नेरळला आली की स्टुडिओच्या पायरीवर बसून पानांच्या द्रोणात करवंदं विकायची. काका तिला पाणी द्यायचे. माझ्यासाठी ती एक द्रोण बाजूला ठेवायची. मी परभणीचा म्हणून तिला माझी कीव यायची. "तिकडं डोंगरच नाय म्हंजे खाता काय रं तुमी?"

गेल्या एप्रिलमध्ये हंगामाच्या पहिल्याच दिवशी ती दहा वाजून गेल्यावर पोचली. एरवी नऊला यायची.

"आज उशीर, आजी?"

"वाट बंद केली त्यानं. वढ्यानं आले फिरून."

काका काउंटरमागून बाहेर आले. "त्या सायबानं? तो दार उघडायचा ना तुमाला?"

"उघडायचा. अंगठा घेऊन. आता अंगठा बी नको आन् आमी बी नको."

हे सगळं तिनं मग सांगितलं ते असं. वाडीची खाली सडकेवर उतरायची एकच पायवाट. तिच्या सासूच्या आधीपासूनची. साहेबांची जमीन त्या वाटेच्या दोन्ही अंगांना. त्यांनी कुंपण घातलं, वाटेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दार बसवलं, मधली वाट सपाट करून त्यावर लॉन टाकलं आणि वाडीला सांगितलं, कुंपणाच्या आतून कडेकडेनं जा, जाताना वहीत नाव लिहा. दोन वर्षं लोकांनी नाव लिहिलं, अंगठे दिले. दारावर वॉचमन ठेवला तोही वाडीतलाच, आजीच्या दिराचा मुलगा.

"मलाच इचारतो, नाव काय. मी म्हनले, मेल्या, तुझ्या बापाला कडंवर वागवला मी, आन् मला नाव इचारतो? तर म्हनतो, लिवायला लागतं, काकी."

शिमग्यानंतर साहेबांनी दोन्ही दारांना कुलूप लावलं. आता ओढ्यातून वळसा घालून यायचं, तासाभराचा. उन्हाळ्यात निदान येता येतं. पावसात तो ओढा भरला की माणूस उतरत नाही. मागं एका बाळंतिणीला झोळीत घालून याच वाटेनं सडकेपर्यंत आणली होती आणि पोर जगलं होतं. या पावसात तसं कुणाचं झालं तर झोळी कुठून न्यायची, हा वाडीपुढचा सवाल होता. वाडीनं तहसील कचेरीत अर्ज दिला. साहेबांनी उत्तर दिलं की, इथं वाट कधी नव्हतीच. आम्ही माणुसकी म्हणून कडेनं जाऊ देत होतो, परवानगीनं, आणि ही बघा वही. परवानगीनं वापरलेली वाट हक्काची होत नाही म्हणे. शुक्रवारी मंडळ अधिकारी जागा बघायला येणार होते. गावनकाशावर पायवाटेची रेघ नव्हती. मोबाईलवरच्या जुन्या उपग्रह नकाशात झाडांचे शेंडे दिसत होते, शेंड्यांखालची वाट नाही.

मी बोलून गेलो, "वरून दिसेल."

काकांनी माझ्याकडं बघितलं.

"लॉनवर सगळं दिसतं वरून," मी म्हणालो. "मांडवाचे खांब कुठं होते ते वर्षानं पण दिसतं. बुजवलेली विहीर दिसते. इतकी वर्षं पायांनी घट्ट केलेली माती आहे. त्यावर गवत धरणार नाही नीट. खाली उभं राहून कळायचं नाही, पण वरून पिवळा पट्टा दिसेल."

"मग काढ की उद्या!"

"साहेबांना विचारून येतो."

काका एक पायरी खाली उतरले. "कोनाला?"

"त्यांच्या हद्दीवरून जाणार ना."

"तू येडा हायस का रं? चोराला इचारून झडती घेनार?"

आजी करवंदांवरची पानं सारखी करत बसली होती. तिनं अडवलं असतं तर मी कदाचित ऐकलंही असतं. पण मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी कुणाची तरी परवानगी शोधतो. ड्रोनच्या सरकारी नकाशावर आमचा भाग हिरवा आहे, चारशे फुटांच्या खाली उडवायला कुणाला विचारावं लागत नाही, लोकांच्या घरात डोकावलं तर मात्र गुन्हा. प्रशिक्षणाला गेलो तेव्हा हे मी वहीत दोन रंगांच्या शाईनं लिहून घेतलं होतं. नियम पाठ होते. फक्त ते माझ्यासाठी आहेत असं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी गेलो. साहेब व्हरांड्यात अर्ध्या चड्डीत बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत, मीही बसलो नाही.

"सर, उद्या सकाळी पाच मिनिटं उडवणार आहे, वाडीतून. आपल्या कुंपणावरून जरा जाईल. घराकडं कॅमेरा फिरवणार नाही."

"कशाला?"

इथं खोटं बोलायची अक्कल नव्हती. "वाट दिसते का बघायला."

"कुठली वाट? माझ्या सातबाऱ्यावर वाट नाही."

"खाली उतरत नाही सर. वरूनच."

"वरून म्हणजे काय? जमीन माझी तर वरचं पण माझंच. बेसिक आहे हे. किती शिकलायस?"

"दहावी."

"मग नाही कळणार. अलाऊड नाही. समजलं?"

"हो सर. थँक्यू सर."

थँक्यू! हे मी म्हणालो. सायकलवर बसून ओढ्यापर्यंत आल्यावर माझ्या ते लक्षात आलं आणि मी उतरून सायकल ढकलत चालायला लागलो. त्या माणसाची मला किळस आली होती हे खरं, पण त्याहून जास्त माझ्या जिभेची. आपल्या डोक्यावरून दिवसाला किती विमानं जातात. त्यांतल्या एकाही पायलटानं उतरून या चड्डीवाल्याला नमस्कार केला नसेल. मी तेवढा गेलो होतो.

सकाळी वाडीत गेलो. चार घरं फिरून सांगितलं. एक बाई नहाणीत होती, ती येईपर्यंत थांबलो. मग आजीच्या अंगणातून ड्रोन वर नेला. घाईघाईत काढलेली पहिली दोन चित्रं हलली. साडेतीनशे फुटांवर स्थिर केला, कॅमेरा सरळ खाली केला, आणि स्क्रीनवर ती दिसली. हिरव्यागार लॉनमधून पिवळसर, वळणं घेत, वरच्या कुलपापासून खालच्या कुलपापर्यंत. मध्ये एका आंब्याला वळसा घातला होता. तो आंबा आता तिथं नव्हता, पण वाट अजून त्याला मान देऊन वळत होती.

आजीनं स्क्रीनवर वाकून बघितलं. "हां. हितं माजी मोठी लेक पडली व्हती," ती म्हणाली, वळणावर बोट ठेवून. "गुडघा फुटला व्हता."

चित्रं काढली, ड्रोन उतरवला. चित्रं ड्रोनमधल्याच कार्डावर होती, स्टुडिओत जाऊन उतरवून घेणार होतो. ओढ्याशी पोचलो तर मोटरसायकलवर एक शिपाई उभा. साहेबांचा फोन माझ्या आधी ठाण्यात पोचला होता. ड्रोन पिशवीसकट ठाण्यातल्या कपाटात गेला, कार्ड त्याच्या पोटात. तो मंगळवार होता. शुक्रवारी पाहणी.

ते दीड दिवस मी जेवलो नाही. काकूंनी ताट पुढं केलं की उठायचो. मला सारखं वाटत होतं, आता परभणीला परत पाठवतील. कोण पाठवणार, का पाठवणार, याचा विचार केला नव्हता. शाळा सोडलेल्या माणसाला कायम वाटतं की कुठंतरी एक हजेरीपट आहे आणि त्यात आपल्या नावापुढं काहीतरी लिहिलेलं आहे.

बुधवारी दुपारी बोलावलं. काका बरोबर आले. हवालदार इथलेच, निवृत्तीला आलेले. समोर साहेब, आज फुल पँटीत. त्यांनी ती तीन वाक्यं सांगितली, जी मी वर लिहिली आहेत. मग म्हणाले, "म्हणजे त्याला माहीत होतं की परवानगी लागते. नाहीतर मागितली कशाला असती?"

हवालदार माझ्याकडं वळले. "कागद?"

मी प्लास्टिकमधला कागद दिला. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला.

"हा तर पास हाय. नकाशा?"

मोबाईलवर काढून दाखवला. हिरवा.

"मग तू इचारलंस कशाला रं बाबा?"

"बरं दिसतं म्हणून," म्हणालो.

काका खुर्चीत पुढं सरकले. "सायेब, तुमी म्हनता वरचं आबाळ तुमचं. सातबारा आनलाय ना? मंग त्याच्यात आबाळाचा गट नंबर तेवढा दाखवा."

हवालदार हसले नाहीत, पण कपाट उघडायला उठले तेव्हा त्यांची पाठ हलत होती. ड्रोन बाहेर काढून त्यांनी मला कार्ड मोबाईलला लावायला सांगितलं. "बघू, काय बघितलंस त्यांच्या घरातलं."

चित्रं एकेक करून दाखवली. लॉन. कुंपण. लॉन. बंगल्याच्या कौलांचा एक कोपरा. परत लॉन.

"यात मानूस कुटाय?" हवालदार म्हणाले.

"माझी प्रायव्हसी…" साहेबांनी सुरुवात केली.

"कोनाची? गवताची?"

साहेबांनी माझ्या हातातला मोबाईल स्वतःकडं वळवून घेतला आणि ते चित्र बराच वेळ बघत राहिले, बोटांनी मोठं करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला वाटलं, शरमले. माणसाला वरून आपलं खरं रूप दिसलं की तो शरमत असेल, असं काहीतरी उदात्त माझ्या मनात आलं. एवढीच अक्कल असूनही मी स्वतःला कधीमधी शहाणा समजतो.

हवालदारांनी माझा जबाब घेतला, साहेबांचा अर्ज चौकशीवर ठेवला, आणि ड्रोन परत दिला. "पुढच्या टायमाला इचारायला जाऊ नको कुटं," ते दारापर्यंत येऊन म्हणाले. "आमाला काम लागतं."

काकांनी चित्र मोठं छापलं, पोस्टरएवढं, पैसे न घेता. शुक्रवारी ते गुंडाळून आम्ही गेलो. मंडळ अधिकारी एक बाई होत्या, उन्हानं वैतागलेल्या, डोक्याला ओढणी बांधलेली. बरोबर तलाठी. वाडीतली वीसेक माणसं खालच्या कुलपाबाहेर उभी. साहेबांनी स्वतः कुलूप काढलं, फार सौजन्यानं. वॉचमन कडेला, मान खाली घालून.

"बघा मॅडम," साहेब म्हणाले. "लॉन आहे. दुसरं काही नाही."

बाईंनी लॉनवर पाय ठेवला, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. मग मीही बघितलं.

लॉन साधारण हिरवं होतं, उन्हाळ्यात असतं तसं, जरा मळकं. पण त्यामधून एक पट्टा गेला होता, इतका गडद हिरवा, इतका टवटवीत, की आंधळ्यालाही दिसावा. कडेला अजून लाल मातीची ढेकळं. गवताच्या गाद्या मिळतात ना तयार, चटईसारख्या गुंडाळलेल्या, त्या आणून अंथरल्या होत्या, सांधे दिसत होते. बुधवारी ठाण्यातून परतल्यावर साहेबांनी माळी कामाला लावला होता. चित्रात जिथं जिथं पिवळं दिसलं तिथलं गवत काढून नवं टाकलं होतं. आणि फक्त तेवढंच टाकलं होतं. सगळं लॉन बदलायला खर्च आला असता! तीन एकरांचा मालक, गेटवर इटली, आणि गवतात काटकसर.

बाईंनी हात पुढं केला. काकांनी पोस्टर उलगडून दिलं. चित्रातली पिवळी वाट आणि पायाखालची हिरवी वाट त्यांनी आळीपाळीनं बघितली. मग चालायला लागल्या. आंब्याच्या जागी पट्टा वळला, त्या वळल्या. वरच्या कुलपापाशी पोचून त्यांनी मागं बघितलं.

"हे गवत नवीन का आहे?"

"मेंटेनन्स," साहेब म्हणाले.

"एवढंच?"

साहेबांनी वही काढली. तोच त्यांचा हुकमी पत्ता होता. "मॅडम, हे बघा. प्रत्येक वेळी या लोकांनी माझी परवानगी घेतलीय. दोन वर्षं. अंगठे आहेत. वाट त्यांची असती तर परवानगी कशाला मागितली असती?"

हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, ते ठाण्यात माझ्याबद्दल बोलले होते. वीस माणसांच्या अंगठ्यांनी भरलेली ती वही बघून मला वाटलं, संपलं.

बाईंनी वही चाळली. "यात कोणाचे अंगठे आहेत? पुढं या."

आजी पुढं आली. लॉनवर यायच्या आधी तिनं चप्पल काढली, मग काय वाटलं कोण जाणे, परत घातली.

"आजी, तुम्ही यांना विचारून जात होता?"

"व्हय."

"का विचारलं?"

"दार व्हतं म्हनून." आजीनं वॉचमनकडं हात केला. "दार याच्या हाती. ते उघडाया याला इचारलं. वाटंला कुनी इचारलं? वाट तर दाराच्या आदी व्हती."

तलाठ्यानं पेन उघडलं.

"आणि दार कधी बसवलं?" बाईंनी साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, आठवत नाही. वॉचमननं मान वर केली. "मी कामाला लागलो त्याच महिन्यात, मॅडम. वहीच्या पयल्या पानावर लिवलंय." आणि बोलून झाल्यावर तो इतका घाबरला की मला त्याच्या जागी मी दिसलो. त्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली. आता काका त्याला लग्नांच्या हंगामात लायटी धरायला बोलावतात.

पंचनाम्यात बाईंनी सगळं घेतलं. चित्र, नवं गवत, वहीतली तारीख, आजीचं बोलणं. पावसाच्या आत हुकूम आला की दोन्ही दारांची कुलपं काढावीत आणि जुन्या रेघेवरून वाट मोकळी ठेवावी. साहेब वर अपिलात गेले आहेत. ते चालेल तेवढे दिवस चालेल. माझ्याविरुद्धचा त्यांचा अर्जही अजून चौकशीवरच आहे. महिन्यातून एकदा मी ठाण्यासमोरून जातो तेव्हा हवालदार हात वर करतात, आणि मला ते बोलावतायत की ओळख दाखवतायत हे कळत नाही, म्हणून दर वेळी मी थांबतो.

हुकमानंतरच्या एका रविवारी मी वाडीतून बायकांबरोबर खाली उतरलो. आजीची करवंदांची पाटी माझ्या डोक्यावर होती, तिचा खांदा दुखत होता म्हणून. पुढं मागं सहा बायका, चौघींच्या डोक्यावर लाकडाचे भारे. वरचं दार उघडं होतं. लॉनवर साहेबांकडं पाहुणे जेवायला बसले होते. टेबलं वाटेच्या अलीकडं-पलीकडं मांडली होती, एक बरोबर वाटेवर. पहिली बाई त्या टेबलापाशी आली तेव्हा गॉगल घातलेल्या एका पाहुण्यानं ताट हातात धरून खुर्ची मागं ओढली.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

साहेब हसले. "अरे, लोकल लोक आहेत. बिचाऱ्यांना लांब पडतं. आम्ही जाऊ देतो त्यांना इथून."

"हाऊ स्वीट," पाहुण्याशेजारची बाई म्हणाली.

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. हुकमाचा क्रमांकसुद्धा पाठ होता मला. पण पुढची बाई थांबली नव्हती, आणि मागच्या बाईच्या भाऱ्यातलं एक लाकूड माझ्या पाठीला टोचत होतं. "चल ना रं," ती म्हणाली, "ऊन व्हतंय." मी पाटी सावरली आणि ताटांच्या मधून खाली उतरलो.